घडी पडलेला मिरो: भिंतीवरचे नऊ महिने

नऊ महिन्यांपूर्वी पॅरिसमधल्या एका जुन्या दुकानातून जोआन मिरो या स्पॅनिश चित्रकाराचा लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून छापलेलं चित्र, घेतला. सहीवाला नव्हे, तो माझ्या पगारात बसत नाही. इथल्या माग गॅलरीचं ‘देरिएर ल मिरवार’ (म्हणजे ‘आरशामागे’) हे नियतकालिक १९४६ ते १९८२ निघायचं आणि त्यात चित्रकारांचे मूळ लिथोग्राफही घातलेले असत. माझा त्यातलाच, जोडपानाचा. त्यामुळे सही नाही, प्रतीचा क्रमांक नाही आणि मधोमध उभी घडी.

घरी आणल्याबरोबर भिंग लावलं. ऑफसेट छपाई असती तर ठिपक्यांची जाळी दिसली असती. इथे खडूचा ओबडधोबड दाणा दिसला. तेलकट खडूनं काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त खडूच्या जागी धरते. रंग बदलला की दगड वेगळा. लाल गोळा काळ्या रेघेवर केसभर चढलाय, ते मला फार आवडतं.

फ्रेमवाल्यानं मात्र घोळ घातला. मागून चारही बाजूंनी चिकटपट्टी! थंडीत हीटर सुरू झाला आणि कागदाला लाटा आल्या. दुसरीकडे जाऊन पट्टी काढून घेतली, आम्लरहित पुठ्ठा घातला, आता कागद वरच्या दोन कागदी बिजागऱ्यांवर नुसता लटकतो. हा खर्च चित्राच्या किमतीला भिडला.

आणि चित्र? एक डोळा, एक चांदणी, तो लाल गोळा, जाड काळी रेघ. पहिला महिनाभर मला त्यात बाई दिसायची. मग पक्षी. मिरोच्या चित्रांत बाई, पक्षी, चांदण्या सतत येतात, हे वाचून वाटलं, सुटलं कोडं. छे. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तो डोळा कुणाचाच नसतो, तेव्हा मी सरळ स्वयंपाकघरात जातो.

गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. उन्हाच्या भिंतीवर तर मुळीच लावू नका.

घडी सुरुवातीला खुपायची. मे महिन्यात सांगलीहून आई आली. बराच वेळ बघून म्हणाली, “उलटं नाही ना लावलंस?” मी पानामागचा छापील मजकूर आठवून सांगितलं, सुलटच आहे. मग काचेवरून बोट फिरवत म्हणाली, “कपाटातल्या साडीसारखं आहे रे. घडी अजून कुणी मोडलीच नाही.”