मांजरीच्या अनाथ पिल्लाला दूध: बाटली की सिरिंज?

पिल्लू गार असेल तर आधी ऊब, मग दूध. थंड पोटात दूध पचत नाही. दूधही मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी पावडर कालवलेलंच, सुमारे ३८ अंश कोमट. गाईच्या दुधाने जुलाब लागतात.

चोखण्याची ताकद असलेल्या पिल्लाला बाटलीच बरी. ते आपल्या वेगाने पितं, पोट भरलं की निपल सोडतं. खरी गोम निपलच्या भोकात. बाटली उलटी धरल्यावर एकेक थेंब सावकाश पडायला हवा. धार लागली तर ते निपल टाका. भोक बारीक असेल तर पिल्लू नुसती हवा गिळतं आणि पोट फुगतं.

सिरिंजमध्ये वेग तुमच्या हातात, आणि धोकाही तिथेच. अशक्त किंवा अगदी चिमुकल्या पिल्लासाठी १ मिलीची सुईविना सिरिंज घ्या, थेंब थेंब सोडा, गिळल्यावरच पुढचा. वारंवार धुतलेल्या सिरिंजचा रबरी दट्ट्या अडखळतो, मग एकदम सटकतो. तेवढ्यात दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. दट्ट्या अडकू लागला की सिरिंज बदला. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, तोंड खाली करा.

दोन्हींत पिल्लू पोटावरच, बाळासारखं उताणं कधीच नाही. पहिल्या आठवड्यात दर २-३ तासांनी, एका वेळी १०० ग्रॅम वजनाला साधारण ४ मिली. दर वेळी दूध पाजल्यावर ओल्या कापसाने शी-शूची जागा हळुवार पुसायची. रोज वजन करा. साधारण १० ग्रॅम वाढ हवी. सिरिंजवरचं पिल्लू टोक चावायला, ओढायला लागलं की त्याला बाटलीवर आणा.