बागेतल्या पडद्यासाठी एइकी स्लिम लाइन

बागेत किंवा अंगणात फिल्मवरचा सिनेमा दाखवायचाय आणि त्यासाठी एकच जुना प्रोजेक्टर घ्यायचाय, तर 16 मिमी रुंद फिल्मचा, एइकी या जपानी कंपनीचा स्लिम लाइन घ्या, आणि त्यातही स्लॉट लोडिंगचाच. 8 मिमी फिल्मचा सुपर 8 हलका असतो, स्वस्तही पडतो, पण त्याची फ्रेम इतकी लहान की पडदा दीड मीटरच्या पुढे गेला की चित्र पुसट होतं. 35 मिमी, म्हणजे थिएटरची फिल्म, हे घरगुती काम नव्हे.

स्लॉट लोडिंगचा आग्रह का? ऑटो लोडिंगमध्ये यंत्र फिल्म स्वतःच ओढून घेतं. शाळेतल्या वर्गात ती मोठीच सोय होती. पण अंधारात, गवतावर, मध्येच एखादा जुना जोड सुटला की त्यातली फिल्म बाहेर काढताना नाकी नऊ येतात. स्लॉट लोडिंगमध्ये सगळा मार्ग समोरून उघडतो. खटका फिरवला की फिल्म वरून खाली त्या फटीत आडवी सरकवायची, फिल्मच्या कडेची छिद्रं स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, दातांवर बसली आहेत ना ते बोटाने चाचपायचं आणि खटका बंद करायचा. मग मोटर लावण्याआधी हाताने फिरवायचा नॉब दोन-तीन वेढे फिरवून बघायचा. गेटच्या (लेन्समागच्या ज्या चौकटीत फिल्मवर उजेड पडतो तिच्या) वरचा आणि खालचा लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, जागच्या जागी हलतो, पण लहान होत नाही, असं दिसलं की मोटर आणि सगळ्यात शेवटी दिवा. रीळ अर्ध्यावर असतानाही फिल्म अशीच सुखरूप काढता येते, आणि बागेत ही गोष्ट फार मोलाची आहे.

लूपकडे लक्ष ठेवाच. लूप नाहीसा झाला की चित्र उड्या मारू लागतं आणि छिद्रं फाटायला लागतात. खालचा लूप चुकीच्या मापाचा झाला तर आणखी एक घोळ होतो. 16 मिमीच्या ऑप्टिकल प्रिंटमध्ये, म्हणजे कडेला आवाजाची पट्टी छापलेल्या प्रतीत, आवाज चित्राच्या 26 फ्रेम पुढे छापलेला असतो. लूप मोठा झाला की ते अंतर वाढतं आणि ओठ आधी हलून शब्द मागून येतात. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसण्यात अर्थ नसतो, लूप नीट करा.

दिवा 24 व्होल्ट, 250 वॉटचा हॅलोजन, ईएलसी नावाने मिळणारा. हा बल्ब इतर उपकरणांतही वापरला जात असल्याने तो आजही मिळतो, आणि जुन्या यंत्राच्या बाबतीत हा निम्मा निकाल आहे. आयुष्य मात्र साधारण 50 तासांचं, म्हणून एक जादा बल्ब जवळ हवाच. काचेला बोट लावू नका. खेळ संपल्यावर दिवा बंद करून पंखा पाच मिनिटं चालू द्या, मगच आवराआवर करा.

250 वॉटच्या उजेडात पडदा दोन मीटर रुंद ठेवा, फार तर अडीच. अंतराचं गणित सोपं आहे. प्रोजेक्टरच्या गेटची रुंदी 9.65 मिमी. पडद्यापर्यंतचं अंतर गुणिले 9.65, भागिले लेन्सची फोकल लांबी, की चित्राची रुंदी मिळते. 50 मिमीच्या लेन्सने 10 मीटरवरून 1.93 मीटर. बाग लहान असेल तर 38 मिमीची लेन्स शोधा, तेवढंच चित्र साडेसात मीटरवरून मिळतं. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीसारखा पडदा नाही. चादर लावणार असाल तर मागे काळं जाड कापड शिवून घ्या, नाहीतर निम्मा उजेड आरपार जातो. वारं असेल तर चारही बाजूंनी ताणून बांधा. फ्लेक्सची चकचकीत बाजू नको, मधोमध पांढरा डाग पडतो.

यंत्राचा खडखडाट चांगलाच ऐकू येतो आणि आतला स्पीकर त्याच्यावर मात करू शकत नाही. मागच्या जॅकमधून वायर काढून स्पीकर पडद्याखाली ठेवला की दोन्ही प्रश्न मिटतात. तरीही आवाज दबका आला, तर आधी ध्वनिड्रम (फिल्मवरचा आवाज जिथे वाचला जातो ते फिरतं चाक) आणि त्याची छोटी लेन्स कापसाने पुसा. आवाजाच्या पट्टीवर उजेड टाकणारा छोटा एक्सायटर दिवा काळवंडला असेल तर तो बदला.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात यंत्र बघाल तेव्हा आधी पाठीवरची पट्टी वाचा. अमेरिकेसाठी बनलेलं, 60 हर्ट्झच्या पुलीचं यंत्र ट्रान्सफॉर्मर लावून आपल्या 50 हर्ट्झवर चालवलं तर वेग 24 वरून 20 फ्रेमवर येतो आणि सगळ्यांचे आवाज घोगरे होतात. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळवता येतं, वेग नाही. जनरेटरवरही हाच धोका असतो. विकणाऱ्याने घाईने मोटर चालू करू नये असं सांगा. वर्षानुवर्षं पडून ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. आधी हाताने फिरवा. पट्टा चिरलेला असेल तर बदलता येतो, पण गिअर किंवा कॅम (फिल्म ओढणारी यंत्रणा हलवणारा भाग) झिजलेला असेल तर यंत्र सोडून द्या.

प्रिंटच्या बाबतीत नाक कामाला येतं. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर फिल्मचा प्लास्टिकसारखा पाया असलेलं अ‍ॅसिटेट सडू लागलं आहे. अशी फिल्म आक्रसते, गेटमध्ये तडतडते आणि शेजारच्या डब्यांनाही बाधते. ती वेगळी ठेवा. गुलाबी पडलेली रंगीत प्रिंट दाखवता येते, पण गेलेला रंग परत येत नाही. कृष्णधवल प्रिंट रंगीतपेक्षा जास्त टिकतात. फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट 16 मिमीवर गावोगाव फिरत असत, त्यामुळे बाजारात तेही सापडतात. यंत्रावर 2000 फुटांपर्यंतचं रीळ बसतं. 1600 फुटांचं रीळ 44 मिनिटं चालतं, म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला चार रिळं आणि एकाच प्रोजेक्टरवर तीन मध्यंतरं. चहाची व्यवस्था त्याप्रमाणे करा. तिकीट लावणार असाल किंवा खेळ सार्वजनिक असेल, तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्या.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्री दव पडतं तेव्हा लेन्सवर धुकं धरतं, म्हणून यंत्र उघड्यावर न ठेवता व्हरांड्यात किंवा छत्रीखाली ठेवा. प्रत्येक रिळाआधी गेट मऊ ब्रशने झाडा. साचलेला चिवट थर लाकडी काडीने खरवडा, धातू लावू नका, कारण गेटवरचा एक ओरखडा पुढच्या प्रत्येक प्रिंटवर रेघ ओढतो. पावसाळ्यात यंत्र आणि डबे कोरड्या कपाटात, आणि महिन्यातून एकदा मोटर दहा मिनिटं फिल्मशिवाय चालवा.