जगाच्या इतिहासाची उजळणी, तीही पांडवलेणीतून

नाशिकच्या कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी हा उजळणी वर्ग भरतो. विषय प्राचीन आणि पूर्वमध्ययुगीन जगाचा इतिहास. मी सहकारी बँकेत नोकरी करते, एम.ए. बाहेरून करतेय, वर्गातली बाकीची मुलं बहुतेक स्पर्धा परीक्षेची. फी अडीच हजार, नोट्स त्यातच. इतिहास पहिल्यापासून शिकायचा असेल तर इथे येऊ नका. पण एकदा वाचून झालंय आणि डोक्यात सगळ्याची सरमिसळ झालीय, अशांनी जरूर यावं.

वर्गाचा खरा जीव भिंतीवरच्या तक्त्यात आहे. उभ्या रकान्यांत प्रदेश, आडव्या ओळीत काळ. आपण मेसोपोटेमिया संपवून इजिप्त, इजिप्त संपवून ग्रीस असं वाचत जातो, त्यामुळे कोण कोणाच्या वेळचं याचा पत्ताच लागत नाही. इथे सर एकेक आडवी ओळ घेतात. 476 साली जर्मानिक सेनानी ओडोएसरने पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलसला गादीवरून काढलं. गणितज्ञ आर्यभटाचा जन्म त्याच सालचा, आणि वाकाटक राजा हरिषेणाच्या राजवटीत अजिंठ्याच्या डोंगरात छिन्नी चालू होती तीही त्याच सुमारास. पुढे 634 चा चालुक्य राजा पुलकेशीचा ऐहोळे शिलालेख, लगेच 636 ची, अरबांनी पूर्व रोमन फौज हरवली ती यर्मूकची लढाई, आणि याच वर्षांत चिनी यात्रेकरू युआन श्वांग भारतात फिरतोय. मला हे तिन्ही वेगवेगळे पाठ होते. एका ओळीत पहिल्यांदा दिसले.

कुणी ‘476 मध्ये रोमन साम्राज्य बुडालं’ म्हणालं की सर तिथेच थांबवतात. बुडालं ते पश्चिमेचं. कॉन्स्टँटिनोपलमध्ये 537 साली हागिया सोफिया बांधून पूर्ण झाली आणि ते पूर्वेचं राज्य 1453 पर्यंत टिकलं. उत्तरपत्रिकेत ‘पश्चिम’ हा एक शब्द राहिला तर मार्क जातात, हे त्यांचं बरोबरच आहे.

आणि आता पांडवलेणी, म्हणजे नाशिकजवळच्या डोंगरातली प्राचीन बौद्ध लेणी. एका रविवारी वर्ग तिथेच भरला. फाळके स्मारकाकडून पायऱ्या चढून वर गेलो आणि दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक) राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखासमोर बसलो. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे 1000, शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून वर्षावासातल्या (पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या) वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. मी तिथल्या तिथे हिशेब केला: 2000 वर वर्षाला 240, आणि वीस गुणिले बारा, बरोबर 240. अंगावर काटा आला. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेव, आणि हिशेबात एका कार्षापणाचाही फरक नाही! रोज व्याज काढणाऱ्या माणसाला ‘प्राचीन श्रेणी म्हणजे नुसता कारागिरांचा संघ नव्हे, ती पेढीही होती’ हे याहून चांगलं कुणी समजावू शकणार नाही.

तिथूनच सर जगात शिरतात. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त उत्तरेकडचा यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या मुलाने, गौतमीपुत्राने, शक, यवन, पह्लवांचा निःपात केल्याचं कोरून ठेवते. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यातल्या हजारो नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. मग पेरिप्लस, हिंदी महासागरातल्या व्यापाराचं जुनं ग्रीक पुस्तक: पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून भडोचला जातो आणि तिथून जहाजांत चढतो. आणि रोममध्ये लेखक प्लिनी कुरकुरतोय की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतात. एका सकाळी नाशिकपासून रोमपर्यंतचा रस्ता डोळ्यांपुढे उभा राहिला.

आता जे खटकलं ते. 751 च्या अरब आणि चिनी फौजांमधल्या तलासच्या लढाईतल्या चिनी कैद्यांनी कागद मध्य आशियात नेला, ही गोष्ट नोट्समध्ये सरळ सत्य म्हणून छापलीय. मध्य आशियातल्या समरकंदकडच्या सोग्दियन व्यापाऱ्यांची कागदावरची पत्रं चीनमधल्या दुनहुआंगजवळ सापडली आहेत, तीही चौथ्या शतकातली. म्हणजे त्या लोकांना कागद कितीतरी आधी ठाऊक होता. मी हे सरांना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण पुढच्या बॅचच्या नोट्समध्ये बदल दिसायला हवा. आफ्रिकेचा रकाना इजिप्तनंतर जवळपास कोराच आहे. चौथ्या शतकात नाण्यांवर क्रॉस आणणारा इथिओपियातल्या अक्सूमचा राजा एझाना तरी तिथे हवाच. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांना तर जागाच नाही. शेवटच्या आठवड्यात युरोपचा सम्राट शार्लमेन, खलिफांचं बगदाद आणि चीनची तांग राजवट एकाच तासात उरकली, ते अजिबात पटलं नाही. 762 ला वसवलेल्या बगदादलाच एक अख्खा रविवार द्यायला हवा होता.

झेरॉक्स नकाशे फिके आहेत, स्वतःचा अ‍ॅटलास न्या. गाडी गल्लीत लावायला जागा मिळत नाही. लेण्यांचं तिकीट आपापलं काढावं लागतं, आणि त्या दिवशी बॅटरी मात्र विसरू नका. दहाव्या लेण्यातली अक्षरं तिरप्या उजेडातच नीट वाचता येतात.