नॅनोव्हीएनए-एच : ४० मीटरच्या डायपोलवरचा अनुभव

गच्चीवरचा ४० मीटर बँडचा (हौशी रेडिओचा ७ मेगाहर्ट्‌झजवळचा पट्टा) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, जुळवण्यासाठी मी अनेक वर्षे केवळ एसडब्ल्यूआर मीटर वापरत आलो. अँटेनाकडून किती शक्ती परत येते, हे एसडब्ल्यूआर सांगतो; तो जितका कमी तितके चांगले. त्यासाठी प्रत्येक वेळी प्रक्षेपण करावे लागे आणि तार लांब आहे की आखूड, हे बँडच्या दोन्ही टोकांना मोजून ताडावे लागे. तळहातावर मावणाऱ्या नॅनोव्हीएनए-एच या अँटेना व केबल मोजण्याच्या यंत्राने हे काम कमालीचे सोपे केले. यंत्र स्वतःच अत्यंत क्षीण संकेत सोडून मोजमाप करते आणि एसडब्ल्यूआरबरोबर रोध व रिॲक्टन्सही (कॉइल किंवा कपॅसिटरसारखी होणारी अडवणूक) दाखवते.

माझ्या इन्व्हर्टेड व्हीची (मध्य उंच आणि दोन्ही टोके खाली उतरवलेला डायपोल) तार एकूण २०.४ मीटर होती आणि एसडब्ल्यूआरचा तळ ६.८५ मेगाहर्ट्‌झला दिसत होता. ७.१ मेगाहर्ट्‌झला स्मिथ चार्टवरचा (रोध व रिॲक्टन्स एकाच बिंदूने दाखवणारा गोल आलेख) बिंदू वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे इंडक्टिव्ह (कॉइलसारख्या) बाजूला होता; तार लांब असल्याची ही खूण. लांबीला ६.८५ ने गुणून ७.१ ने भागले की १९.६८ मीटर येतात, म्हणून प्रत्येक बाजूची ३६ सेंटिमीटर तार न कापता दुमडून बांधली आणि तळ ७.०९ वर आला. आपल्याकडे हा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झ असल्याने एवढे पुरेसे होते.

दोन गोष्टी मात्र पाळायलाच हव्यात. माझ्या यंत्रात एका फेरीत १०१ बिंदू मोजले जातात. ९०० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा सगळा पट्टा एकदम लावला तर दोन बिंदूंत ९ मेगाहर्ट्‌झचे अंतर पडते आणि अख्खा ४० मीटर बँड त्या फटीत हरवतो. ६.५ ते ७.५ असा पट्टा लावून त्यावर ओपन, शॉर्ट आणि लोड हे कॅलिब्रेशन (टोक उघडे ठेवून, शॉर्ट करून आणि ठरावीक रोध लावून यंत्राची चूक काढणे) नव्याने करावे. अँटेनाचा खरा रोध हवा असेल तर ते कोॲक्सच्या (अँटेनाला जोडणाऱ्या केबलच्या) अँटेनाकडच्या टोकाला करावे, कारण कोॲक्सच्या लांबीप्रमाणे खालच्या टोकाला दिसणारा रोध बदलतो. शिवाय तारेवर साठलेला स्थिर विद्युतभार जमिनीत उतरवल्याशिवाय ती यंत्राला जोडू नये. भर उन्हात पडदा नीट दिसत नाही आणि केबल जोडायचे एसएमए सॉकेट नाजूक आहे, म्हणून मी त्यावर एक छोटा ॲडॅप्टर कायमचा बसवून ठेवला आहे.

या यंत्राची खरी किंमत मला पावसाळ्यानंतर कळली. खोलीतून मोजलेला एसडब्ल्यूआर आधीपेक्षा चांगला आणि बँडभर सपाट दिसू लागला होता, पण दूरची स्टेशने मात्र क्षीण ऐकू येत होती. वरचे टोक सोडवून नुसती २० मीटरची आरजी-५८ कोॲक्स मोजली. उघड्या टोकावरून शक्तीचा मोठा भाग परत यायला हवा होता. प्रत्यक्षात रिटर्न लॉस (परत येताना शक्ती किती घटली तो आकडा) ६ डेसिबल निघाला. हा जाऊन-येऊनचा आकडा, म्हणजे एका दिशेने ३ डेसिबल : निम्मी शक्ती केबलच गिळत होती आणि परतणारी शक्तीही वाटेतच जिरल्यामुळे एसडब्ल्यूआर सुधारल्याचा भास होत होता. अँटेनाकडचा कनेक्टर कापून पाहिला, तर आतली तांब्याची जाळी वीतभर लांबीपर्यंत काळी-हिरवी पडली होती.