घरगुती लिक्विडसाठी रिफिल पाऊच की परतीचा कॅन?

भांड्यांचं लिक्विड, हँडवॉश, फिनाइल असा महिन्याला शे-दोनशे लिटर माल आसपासच्या सोसायट्यांत विकणाऱ्या गटापुढे खरे पर्याय दोनच उरतात: एक लिटरचा रिफिल पाऊच, नाहीतर परत घेऊन पुन्हा भरायचा पाच लिटरचा एचडीपीई (टणक, जाड प्लास्टिक) कॅन. काच साबणाच्या हातातून निसटते आणि वाहतुकीत जड पडते. ‘कंपोस्ट होणारं’ पीएलए (मक्यासारख्या पिकांपासून केलेलं प्लास्टिक) घरच्या खताच्या ड्रममध्ये कुजत नाही. त्याला औद्योगिक कंपोस्टिंगची साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते.

वजनात पाऊच पुढे आहे, हे आधीच मान्य करायला हवं. एक लिटरचा पाऊच साधारण १५ ते २० ग्रॅमचा, तर पाच लिटरचा कॅन झाकणासकट २०० ते २५० ग्रॅमचा. म्हणजे कॅन एकदाच वापरून फेकणार असाल तर पाऊचच घ्या. कॅनचा हिशेब तिसऱ्या-चौथ्या भरणीला जुळतो आणि तिथून पुढे प्रत्येक फेरी फायद्याची.

पाऊच भरताना त्रास होतो तो सीलचा. सीलच्या पट्टीवर लिक्विडचा एक थेंब जरी राहिला तरी तिथे प्लास्टिक नीट चिकटत नाही. सील वरवर छान दिसतं आणि दोन दिवसांनी पाझरतं. वरचा इंचभर भाग कोरडा ठेवायचा, नरसाळ्याची नळी आत खोल सोडायची आणि सील केलेले पाऊच रात्रभर वर्तमानपत्रावर आडवे ठेवायचे. गळका पाऊच सकाळी कागदावरच्या डागावरून सापडतो. एवढं सांभाळलं तर पाऊच वाईट नाही.

आमच्यासाठी निर्णय झाला तो पाऊच रिकामा झाल्यानंतरच्या गोष्टीवरून. कात्रीने कापलेला तो त्रिकोणी कोपरा! दुधाच्या पिशवीचा असतो तसाच, बोटभर. तो कचऱ्याच्या डब्यात क्वचितच पोचतो. सिंकच्या जाळीत, तिथून गटारात जातो. उरलेल्या पाऊचच्या कोपऱ्यांत लिक्विड चिकटून राहतं, आणि भंगारवाला तो बहुधा घेतच नाही. दुधाची पिशवी तो घेतो, कारण ती निव्वळ पॉलिथिनची असते. रिफिल पाऊच मात्र बहुतेक वेळा पीईटी (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) आणि पॉलिथिनचे थर एकमेकांवर चिकटवून केलेला असतो, आणि ते थर वेगळे करणं कुणाला परवडत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: कडा धरून ओढा. ताणली गेली तर पॉलिथिन; न ताणता चिप्सच्या पाकिटासारखी कुरकुरली तर थरांचा माल. पाऊचच हवा असेल तर पुरवठादाराकडे फक्त पॉलिथिनचा मागा आणि कोपरा पूर्ण न कापता थोडा जोडलेला ठेवायची खूण छापून घ्या. तरीही साबणाने बरबटलेला पाऊच विसळून भंगारात देणारी घरं, आम्ही पाहिली तेवढ्यात तरी, फार थोडी.

याउलट एचडीपीईला भंगारात नेहमी गिऱ्हाईक असतं. फुटका कॅनही वाया जात नाही.

कॅनचं दुखणं वेगळं: तो परत येत नाही. अनामत कॅनच्या खरेदी किमतीपेक्षा थोडी जास्तच ठेवा, नाहीतर तो पाणी भरायला घरातच राहतो. परत आलेला प्रत्येक कॅन आधी हुंगायचा. एचडीपीई वास धरून ठेवतं. रॉकेल किंवा पेट्रोलचा वास आला तर कॅन सरळ भंगारात. फिनाइलचे कॅन फिनाइललाच, म्हणून झाकणांचे रंग वेगळे ठेवा. उरलेल्या लिक्विडवर नवं ओतायचं नाही, हँडवॉशमध्ये तर मुळीच नाही. जुन्या तळात जंतू वाढलेले असू शकतात. धुवून, उलटा टांगून पूर्ण कोरडा झाल्यावरच भरायचा. भरताना नळी तळापर्यंत सोडली तर फेस कमी होतो. ताण पडतो त्या जागी डिटर्जंटमुळे एचडीपीईला बारीक चिरा जातात, म्हणून मुठीचं मूळ आणि तळाचा जोड उजेडात धरून पाहायचा. जुनं लेबल पूर्ण काढायचं, कारण नव्या बॅचचा महिना आणि किंमत वेगळी असते.

पंप मात्र गिऱ्हाइकाला एकदाच द्या. त्यात पीपी या प्लास्टिकबरोबर धातूची स्प्रिंग असते, त्यामुळे भंगारात त्याला किंमत नाही. नेहमीचा २८ मिमी तोंडाचा पंप ओट्यावरच्या छोट्या बाटलीला लावला की कॅनमधून तीच बाटली भरत राहायची.

लांबच्या कुरिअर ऑर्डरींना कॅन परत येणार नाही. तिथे पॉलिथिनचा पाऊच बरा. हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) आणि आम्लाचं टॉयलेट क्लीनर या परतीच्या फेऱ्यात अजिबात आणू नका. एकाच्या तळाशी उरलेल्यावर दुसरं पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. त्यांना दरवेळी नवी एचडीपीई बाटली, आणि हायपोक्लोराइटच्या बाटलीला आतला वायू बाहेर सोडणारं झाकण.