लॅबमध्ये बनवलेला टॅक: नऊ महिने वापरून झाल्यावर

गेल्या उन्हाळ्यात मागवलेलं टॅक, म्हणजे पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम, शुक्रवारी सांगलीत पोचलं आणि आमच्या हातात पडलं सोमवारी. मधले दोन दिवस पार्सल कुठल्याशा गोदामात पडून होतं. खोकं उघडलं तर ड्राय आइसचा मागमूस नाही, ट्यूब चक्क कोमट. बदलून मिळेपर्यंत दीड महिना गेला. द्राक्षाच्या पानांतला डावणी रोग पीसीआरने (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढून) ओळखायचं आमच्या एमएस्सीच्या पोरांचं प्रोजेक्ट तेवढे दिवस ठप्प. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "मग बनवूया की आपणच."

संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीला कळवलं, पुण्यातल्या एका ओळखीच्या लॅबने टॅकचा जीन असलेलं प्लास्मिड, म्हणजे डीएनएचं छोटं कडं, दिलं आणि ऑगस्टमध्ये पहिली बॅच काढली.

बनवायला टॅक सोपा, हे आधी सांगतो, कारण सगळे तिथेच घाबरतात. थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा मुळात यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतला जिवाणू. ब्रॉक आणि फ्रीझ यांनी १९६९ साली त्याची नोंद छापली. त्याचा जीन ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जिवाणूत घातला तरी प्रथिनाची उष्णता सोसायची सवय जात नाही. पेशी फोडून ते द्रावण ७५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये तासभर ठेवायचं. पिवळसर पाणी बघता बघता नासलेल्या दुधासारखं फाटतं आणि खोलीभर उकडलेल्या अंड्याचा वास सुटतो. ई. कोलायची बहुतेक प्रथिनं शिजून तळाशी बसतात, टॅक वर राहतो. पुढे अमोनियम सल्फेट घालून टॅक खाली बसवायचा, मग पातळ पडद्याच्या पिशवीत भरून ५० टक्के ग्लिसरॉलच्या बफरमध्ये बुडवून ठेवायचा, म्हणजे डायलिसिस. रात्री टम्म असलेली पिशवी सकाळी चपटी झालेली बघून पोरं हबकली, गळली म्हणाली. गळली नव्हती, ग्लिसरॉलने पाणी ओढून घेतलं होतं.

विकतच्या टॅकशी ताडून पाहिलं. आमचा १० पट पातळ केला तरी बँड, म्हणजे जेलवर दिसणारा डीएनएचा पट्टा, तेवढाच ठळक. एक लिटर कल्चरमधून निघालेला माल वर्षभर पुरावा, असा हिशोब होता.

पुरला नाही, आणि त्यात टॅकचा दोष नव्हता. ट्यूबा ठेवल्या होत्या विभागातल्या डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या फ्रीझरमध्ये. बर्फ साचू नये म्हणून तो फ्रिज ठरावीक वेळाने आतून गरम होतो. माणसाची सोय, एन्झाइमचं मरण. तीन महिन्यांत बँड फिके पडले. शेजारी ठेवलेलं इको आर वन हे डीएनए कापणारं रिस्ट्रिक्शन एन्झाइम तर त्याआधीच गेलं.

मग विश्रामबागेतल्या एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला जुना डीप फ्रीझर घेतला. झाकणावर कोनाचं चित्र अजून तसंच आहे. बर्फ खरवडायला लागतो, लॅबमधले मामा दर महिन्याला कुरकुरत खरवडतात, पण तापमान उणे २० च्या आसपास हलत नाही. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या बंद खड्ड्यात, हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण आत हवा आणि ओल पोचत नसे. इथेही तोच मामला, एकदा ठेवलं की सारखं उघडायचं-हलवायचं नाही. म्हणून छोट्या ट्यूबा भरतो आणि एका वेळी एकच बाहेर काढतो.

दुसऱ्या बॅचचं दुखणं वेगळं निघालं. उणे २० ला ५० टक्के ग्लिसरॉल गोठत नाही, ट्यूब तिरकी केली की मधासारखं सरकतं. आमच्या ट्यूबांत मात्र बर्फाचा चिखल! ग्लिसरॉल पिपेटने मोजलं होतं, आणि त्यातलं बरंचसं पिपेटच्या भिंतीलाच चिकटून राहिलं. आता वजन करूनच घेतो, १०० मिलीला १२६ ग्रॅम. टॅक उचलतानाही टिप अगदी वरच्यावर बुडवा. खोल घातली तर बाहेरून चिकटलेला थेंब रिअ‍ॅक्शनमध्ये जातो आणि मग कुणाचंच माप कुणाशी जुळत नाही.

मे महिन्यात वळवाच्या पावसात अकरा तास लाइट नव्हती. ट्यूबा थर्माकोलच्या डब्यात जेल पॅकमध्ये दाबून ठेवलेल्या. लाइट आली तेव्हा डब्यात उणे ६ होतं. दुसऱ्या दिवशी जेल चालवलं, बँड पूर्वीसारखेच. टॅक चिवट आहे हे खरं, पण रिस्ट्रिक्शन एन्झाइमच्या बाबतीत मी एवढा निर्धास्त राहिलो नसतो.

आता मोठी तक्रार. एका मुलीच्या १६एस (सगळ्या जिवाणूंत असणारा जीन) पीसीआरच्या निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे नमुना न घातलेल्या ट्यूबमध्ये, रोज बँड. मी तिला आठवडाभर पिपेट पुसायला लावले, पाणी बदलायला लावलं, वर दोन शब्द ऐकवलेही. चूक माझी होती. टॅक ई. कोलायमध्येच बनवलेला, त्याच्या डीएनएचे तुकडे मालात उरतातच, आणि १६एसचे प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) ते इमानदारीने वाढवतात. त्या कामाला आता विकतचा, डीएनए काढून टाकलेला टॅक घेतो. क्लोनिंगचा भाग सिक्वेन्स करायचा असेल तरी विकतचं हाय-फिडेलिटी, म्हणजे कमी चुका करणारं, एन्झाइम लागतं, टॅकला स्वतःच्या चुका खोडता येत नाहीत.

रोजच्या डावणीच्या पीसीआरला मात्र आमचाच. द्राक्षाच्या पानातली पॉलिफेनॉल आडवी येतात, तेव्हा थोडं बीएसए हे प्रथिन घातलं की काम निभावतं. तिसरी बॅच फेब्रुवारीपासून चालू आहे, अजून अर्ध्याहून जास्त ट्यूबा उरल्यात. मामांनी फ्रीझरवर खडूने लिहून ठेवलंय, "यात कुल्फी नाही."