काजळीचा काठ की वाघोटणची खाडी?

खाडीकाठची जुनी घरे, बागा आणि जहाजबांधणीच्या खुणा पाहण्यासाठी हाताशी एकच दिवस असेल, तर रत्नागिरीची काजळी आणि विजयदुर्गाची वाघोटण यांपैकी एकीचीच निवड करावी लागते, कारण दोन्ही काठ एका दिवसात धावत उरकले तर कोणताच नीट पाहून होत नाही.

घरांसाठी जायचे असेल तर रत्नागिरी निर्विवाद सरस आहे. इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजाचा अंत याच गावात झाला. नक्षीदार लाकूडकामाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या पाहताना तो वाडा एका राजाची नजरकैद होता, हे विसरता येत नाही. टिळक आळीत लोकमान्यांचे १८५६ मधील जन्मस्थान आहे. बागेची आवड असणाऱ्यांसाठी खाडीपलीकडे भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. रेल्वे थेट गावापर्यंत येत असल्याने वडीलधारी माणसे बरोबर असतील तर हाच काठ सोयीचा आहे.

उद्योगाच्या अवशेषांबाबत मात्र काजळीकाठी वाघोटणच्या तोडीचे काही नाही. विजयदुर्गापासून जवळच, गिर्ये गावाच्या हद्दीत, मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद अशा या खोदकामात भरतीच्या पाण्यावर गलबत आत घेऊन ओहोटीनंतर त्याची डागडुजी करता येत असे. आरमार म्हटले की आपण किल्ल्याचे बुरूज आणि तोफा पाहून परततो. पण ज्या सुतार-लोहारांच्या हातांवर ते आरमार तरंगत होते, त्यांच्या कामाची जागा इतक्या स्पष्टपणे कोकणात क्वचितच दिसते, आणि माझा कौल त्यामुळेच वाघोटणला आहे. विजयदुर्ग गावात आरमारप्रमुख धुळपांचा वाडाही आहे. बागा म्हणाल तर सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, हापूसच्या कलमांनाच येथे बाग म्हणायचे.

येथे येण्यासाठी राजापूर रोड किंवा कणकवली स्थानकावर उतरून पुढे बराच रस्त्याचा प्रवास करावा लागतो. गोदीसाठी ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर उतरणे टाळावे. त्या दिवसांत रत्नागिरीच निवडावी.